खाड्याचा हिशेब : मांडवीचा जाहीरनामा

रत्नागिरीतल्या मांडवीच्या जेटीवर जमलेलो आम्ही सगळे हातावर पोट असलेली माणसं आहोत. मिरकरवाड्याच्या बोटींवरचे तांडेल आणि खलाशी, राजिवड्याचे मच्छीमार, मासळीबाजारात पाटी घेऊन बसणाऱ्या बाया, आंब्याच्या बागांतले गडी, चिऱ्याच्या खाणीवरचे मजूर, गवंडी आणि त्यांच्या हाताखाली घमेली उचलणाऱ्या बायका, काजू फोडणाऱ्या कामगार, रिक्षावाले. पाच-पन्नास कलमं असलेले छोटे बागायतदारही आमच्यात आहेत. विजापूरकडून खाणीवर आलेले आणि नेपाळातून बागा राखायला, बोटीवर जायला आलेलेही आहेत. घाम गाळणाऱ्याचं गाव विचारायचं नाही, हे आम्ही पहिल्याच बैठकीत ठरवलं.

आमचं म्हणणं एवढंच आहे. बदललेल्या हवेमुळे या देशाचं रोज काम बुडतं आहे. ते मोजा. आणि ज्याचं बुडतं त्याला ते भरून द्या.

कामाचा दिवस चुकला की खाडा पडतो आणि खाड्याची मजुरी कापली जाते, हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. आजारपणाचा खाडा, लग्नकार्याचा खाडा, गणपतीचा खाडा. ते खाडे आमचे होते, त्यांचे पैसे गेले तर आम्ही कधी बोंब मारली नाही. पण आता भर मोसमात बंदरावर वादळाच्या इशाऱ्याचा बावटा चढतो आणि बोट आठवडाभर नांगरून राहते. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यातच दुपारी खाणीत उभं राहवत नाही. मे महिन्यात, सुकवणी अंगणात पसरलेली असताना, आषाढासारखा पाऊस कोसळतो. हे खाडे आम्ही केलेले नाहीत, तरी ते कापले जातात आमच्याच मजुरीतून. ही चळवळ त्या कापलेल्या मजुरीसाठी आहे.

बागेतली गोष्ट आधी सांगतो, कारण सगळा अन्याय तिच्यात उघडा दिसतो. हापूस कधी उतरवावा याचा एक नियम आहे आणि दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठापासून आमच्या आजोबांपर्यंत सगळे तो एकाच प्रकारे सांगतात. सकाळी दहाच्या आत उतरवा, नाहीतर दुपारी चारनंतर. झेल्याने देठासकट काढा, उतरवलेला आंबा क्षणभरही उन्हात ठेवू नका, तापलेल्या जमिनीवर टेकवू नका. नाहीतर आत साका होतो, बाहेरून सोन्यासारखं दिसणारं फळ कापल्यावर पांढरं, स्पंजासारखं निघतं, आणि पेटी परत येते. हा नियम कुणी मोडत नाही. दहा वाजले की झेला खाली येतो, क्रेट सावलीत जातात.

आणि झेला धरणारा गडी? दहा ते चार तो काय करतो? तेच क्रेट डोक्यावर घेऊन कातळावरून गाडीपर्यंत नेतो. पत्र्याच्या शेडमध्ये बसून आंबा निवडतो, पेट्या भरतो. मोहोराच्या दिवसांत पाठीवर पंप बांधून तोंडाला फडकं लावून फवारणी करतो, आणि त्या फडक्याआड श्वास कोंडतो. फळाला ऊन बाधतं म्हणून वेळ ठरली आहे. माणसाला ऊन बाधतं हे सगळ्यांना दिसतं, पण त्याची वेळ कुणी ठरवलेली नाही. फळाची काळजी घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही. ते फळ आमच्याही पोटाचा आधार आहे. पण फळाला लागणारा नियम माणसालाही लावा.

कोकणातली उष्णता कागदावर फार दिसत नाही, ही आमची मोठी अडचण. चंद्रपूर पंचेचाळीसच्या वर गेलं की बातमी होते. रत्नागिरी पस्तीस-छत्तीसवर असते आणि लोक म्हणतात, तुमच्याकडे समुद्र आहे, वारा आहे, तुम्हाला काय त्रास. त्रास समुद्राच्या ओलाव्याचाच आहे. माणसाचं अंग थंड राहतं ते घाम सुकल्यामुळे. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर घाम येतो, वाहतो, पण सुकत नाही, आणि आतली उष्णता आतच राहते. थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळून जे तापमान येतं, ते पस्तीस झालं की माणूस तगू शकत नाही, असं शास्त्रज्ञ पूर्वी मानत. २०२२ साली अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात तरुण, धडधाकट माणसांवर केलेल्या प्रयोगांत असं दिसलं की दमट हवेत ही सीमा एकतीसच्या आसपासच येते. ती माणसं खाणीत चिरे उचलत नव्हती.

भारतीय हवामान विभाग किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर करतो ती पारा ३७ अंशांवर आणि सरासरीच्या साडेचार अंश वर गेला तर. या निकषात दमटपणाला जागा नाही. म्हणून लाट नसलेल्या कितीतरी दिवशी आमच्यातला गवंडी दुपारी भिंतीला टेकून बसतो, त्याला मळमळतं, पोटऱ्यांत गोळे येतात, आणि मुकादम म्हणतो, आज कामात लक्ष नाही.

१६ एप्रिल २०२३ला खारघरच्या मैदानात काय झालं ते महाराष्ट्र विसरला नसेल. पुरस्काराच्या सोहळ्याला माणसं सकाळपासून उघड्यावर बसली होती आणि त्यांतली १४ माणसं उष्माघाताने गेली. विदर्भाचा पारा तिथे नव्हता, किनाऱ्याचा दमट उकाडा होता. ती माणसं नुसती बसली होती. आम्ही त्याच हवेत काम करतो.

आता देशाचा हिशेब. आमचा विषय मजुरांच्या तक्रारीचा आहे, अर्थव्यवस्थेचा नाही, असं म्हणणाऱ्यांसाठी हे लिहितो आहोत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१९ साली जगभरच्या कामाचा अंदाज मांडला. २०३०पर्यंत भारतातल्या कामाच्या एकूण तासांपैकी ५.८ टक्के तास उष्णतेत वाया जातील, असं त्यात आहे. म्हणजे ३ कोटी ४० लाख माणसांनी वर्षभर पूर्णवेळ केलेलं काम. दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी माणसं यात अडकलेली नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२३ साली आपल्या अहवालात सांगितलं की कडक उष्णता आणि दमटपणा यांत कामाचे तास गेल्यामुळे २०३०पर्यंत देशाच्या सकल उत्पादनाचा साडेचार टक्क्यांपर्यंतचा हिस्सा धोक्यात येऊ शकतो. आमच्या जेटीवरचा कुणी हे म्हणाला असता तर अतिशयोक्ती ठरली असती. हे मध्यवर्ती बँकेचं म्हणणं आहे.

कारखान्यांचंही तेच. ई. सोमनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय कारखान्यांचे आकडे तपासून २०२१ साली दाखवलं की वर्षाचं तापमान एका अंशाने वाढलं की कारखान्याचं उत्पादन सुमारे दोन टक्क्यांनी घटतं. त्या अभ्यासातली एक गोष्ट आम्हाला फार खरी वाटली. जिथे हवा थंड ठेवण्याची यंत्रं बसवली तिथे कामाचा वेग टिकला, पण गैरहजेरी थांबली नाही. थांबेल कशी? कामगार संध्याकाळी घरीच जातो. घरावर कौलं होती तिथे आता पत्रा किंवा स्लॅब आहे, रात्री दोनपर्यंत भिंती तापलेल्या असतात, लहान मूल घामोळ्यांनी रडत असतं. ज्याला रात्री झोप नाही तो सकाळी सहाला बंदरावर कसा येणार?

शेतीचं केंद्र सरकारने स्वतःच लिहून ठेवलं आहे. २०१७-१८च्या आर्थिक पाहणी अहवालात आहे की हवामान बदलामुळे शेतकऱ्याचं उत्पन्न सरासरी १५ ते १८ टक्क्यांनी, आणि जिथे पाण्याची सोय नाही तिथे २० ते २५ टक्क्यांनी घटू शकतं. कोकणातलं पाणी पावसात समुद्राला जाऊन मिळतं आणि आमच्या कातळावर उन्हाळ्यात घागरभर मिळत नाही. आम्ही कोणत्या आकड्यात बसतो ते सांगायला नको. जागतिक बँकेने २०१८ साली दक्षिण आशियाचा अभ्यास केला तेव्हा भारतातल्या सर्वांत जास्त झळ बसणाऱ्या दहा जिल्ह्यांत चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, वर्धा, नागपूर, यवतमाळ आणि गडचिरोली हे सात जिल्हे विदर्भातले निघाले. म्हणून ही चळवळ मांडवीला सुरू होत असली तरी मांडवीपुरती राहून चालणार नाही.

देशाच्या उत्पादनाचा आकडा कसा तयार होतो हेही आम्ही समजून घेतलं आहे, आणि त्यातली एक गोष्ट आम्हाला मान्य नाही. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्याला लागलं. दापोली, मंडणगड, श्रीवर्धन, मुरुड इथल्या नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. नंतर पत्रे आले, विजेचे खांब आले, जेसीबी आले. ती सगळी खरेदी, ती सगळी मजुरी देशाच्या उत्पादनात जमा झाली. पण पडलेली पोफळ पुन्हा लावली तर हाती सुपारी यायला सहा-सात वर्षं लागतात. त्या वर्षांत वाडीवाल्याचं जे यायचं होतं आणि आलं नाही, ते कुठल्याही वहीत खर्ची पडलं नाही. मोडलेलं उभं केलं याची नोंद होते, मोडलं याची होत नाही. असा हिशेब घरात कुणी ठेवला तर घर बुडेल.

समुद्राचं तर आम्ही रोजच पाहतो. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली दाखवलं की १९८२ ते २००० या काळाच्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, आणि अतितीव्र वादळं दीडशे टक्क्यांनी. या समुद्राचं पाणी गेल्या काही दशकांत एका अंशाहून जास्त तापलं आहे, आणि तापलेल्या पाण्यावर वादळ पोसतं. २००९चं फयान, २०१७चं ओखी, २०१९ची क्यार आणि महा, २०२०चं निसर्ग, २०२१चं तौक्ते. ही नावं आमच्या मुलांना पाठ आहेत.

२०१९ या एका वर्षात अरबी समुद्रात पाच चक्रीवादळं उठली. ऑक्टोबरअखेर क्यार आलं, ते सरतं न सरतं तोच महा आलं. हेच मासेमारीचे खरे दिवस. नारळी पौर्णिमा झालेली, पापलेट-सुरमई लागायला लागलेली. बोट एकदा सुटायची तर डिझेल भरावं लागतं, बर्फ भरावा लागतो, खलाशांचं रेशन भरावं लागतं. हे सगळं भरून दहा-बारा वाव पाण्यात जावं आणि वायरलेसवर परत फिरा म्हणून सांगावं, तर तो खर्च समुद्रात गेला. परत फिरायला हवंच, जिवापेक्षा मासळी मोठी नाही, आणि इशारा वेळेवर देणाऱ्या हवामान विभागाचे आम्ही ऋणी आहोत. पण बर्फ वितळला, डिझेल जळलं, आणि ज्या खलाशाला मासळीवर वाटा मिळतो त्याचा वाटा शून्य झाला. त्या वर्षी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने महाराष्ट्राची मासळी मोजली तेव्हा ती सुमारे दोन लाख टन भरली, आदल्या वर्षी ती तीन लाखांच्या जवळ होती. गेल्या पंचेचाळीस वर्षांतलं ते सर्वांत कमी उत्पादन, आणि वादळांमुळे बुडालेले दिवस हे त्याचं एक मुख्य कारण. राज्याची मासळी किती घटली ते छापून आलं. एकेका खलाशाचे किती दिवस बुडाले ते कुणी लिहिलं नाही.

मे महिन्याचं वेगळं सांगायला हवं, कारण ते बायकांचं दुःख आहे आणि त्याला उत्पादन असं नावही कुणी देत नाही. कोकणात मे म्हणजे बेगमीचा महिना. आमसुलं वाळतात, आंबापोळी थापली जाते, फणसाचे गरे तळले जातात, जवळा आणि खारा बांगडा सुकतो. यातलं थोडं घरी राहतं, बरंच विकलं जातं, आणि त्या पैशांत शाळेची वह्या-पुस्तकं येतात. २०२५ साली २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मध्ये तीव्र कमी दाबाचं क्षेत्र किनारा ओलांडून आत आलं आणि दुसऱ्याच दिवशी मोसमी पाऊस दक्षिण कोकणात दाखल झाला, नेहमीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. झाडावरचा उरलेला आंबा गेला, कोकमं झाडाखाली कुजली, सुकत टाकलेल्या मासळीला अळ्या पडल्या. मासेमारी बंदीला अजून आठवडा होता, तोही बुडाला. बागायतदाराचा पंचनामा निदान मागता तरी येतो. अंगणातल्या आंबापोळीचा पंचनामा कोण करणार?

मांडवीला हा प्रश्न नवा नाही, फक्त त्याचं रूप नवं आहे. याच किनाऱ्यावरून बोटीने आमच्या पणजोबांची पिढी मुंबईला गेली. मुंबईच्या गिरण्या ज्या हातांवर चालल्या त्यांत रत्नागिरी जिल्ह्याचे हात सर्वांत जास्त होते. त्या गिरण्यांत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले, दमट हवेत, धाग्याच्या सोयीसाठी आणखी दमट केलेल्या हवेत. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला कामगारांची सभा भरवली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन निघालं. आठवड्यातून एक सुट्टी, आणि दुपारी अर्धा तास विश्रांती, या त्यातल्या मागण्या. मालक म्हणाले, उत्पादन बुडेल. १८९०च्या जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली, आणि १८९१च्या कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची झाली. गिरण्या त्याने बुडाल्या नाहीत, पुढे कित्येक दशकं वाढतच गेल्या. आज आम्ही जी मागणी करतो आहोत तिचा पाया लोखंड्यांनी घातला आहे, आणि तो घालताना त्यांच्या पाठीशी आमचीच माणसं उभी होती.

दुसरा आधार रोजगार हमीचा. १९७२च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला तेव्हा वि. स. पागे यांनी मांडलेल्या विचारातून रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. काम मागणाऱ्याला काम दिलंच पाहिजे, आणि देता आलं नाही तर भत्ता दिला पाहिजे, हे तत्त्व पुढे २००५ साली देशाने उचललं. आपत्तीतून हक्क उभा करण्याची रीत या राज्याची आहे. त्या कायद्याने काम नसलेल्याचा विचार केला. आता ज्याला काम आहे पण हवा ते करू देत नाही, त्याचा विचार करायची वेळ आली आहे.

म्हणून काय करावं, ते सरळ सांगतो.

आंब्याला हवामानावर आधारित विमा आहे. महसूल मंडळातल्या स्वयंचलित केंद्रावर ठरलेल्या मर्यादेपलीकडे तापमान गेलं, अवेळी पाऊस पडला किंवा वारा सुटला की बागायतदाराला भरपाई मिळते. पंचनामा नाही, फक्त केंद्राचा आकडा. महावेध प्रकल्पात अशी दोन हजारांहून जास्त केंद्रं राज्यभर उभी आहेत आणि ती तापमानाबरोबर हवेतला दमटपणाही नोंदवतात. आमची पहिली मागणी हीच, की ज्या केंद्राचा आकडा आंब्याला चालतो तोच माणसाला चालवा. तापमान आणि दमटपणा मिळून ठरावीक मर्यादा ओलांडली की त्या मंडळातल्या उघड्यावरच्या कामाला दुपारी सुट्टी, तीही मजुरीसकट. मर्यादा कोकणाची वेगळी, विदर्भाची वेगळी, आणि ती ठरवताना डॉक्टर, हवामानशास्त्रज्ञ आणि मजूर तिघेही बसलेले हवेत. हे स्वप्नरंजन नाही. गुजरातेत स्वयंरोजगार करणाऱ्या बायकांच्या सेवा संघटनेने तापमानाशी जोडलेला असा विमा आपल्या सभासदांसाठी प्रत्यक्ष चालवून दाखवला आहे. कारखान्यांच्या आदर्श नियमावलीत तर ओल्या फडक्याच्या तापमानाची तीस अंशांची मर्यादा कधीच घातली गेली होती. भिंतीच्या आत जे मान्य झालं ते भिंतीबाहेर, खाणीत आणि बागेत, लागू करायला हवं.

मजुरीसकट हा शब्द आम्ही ठळक करतो. विनामजुरीची सुट्टी आम्हाला नको. ती जाहीर झाली तर आमच्यातलाच माणूस लपूनछपून उन्हात जाईल, कारण संध्याकाळी तांदूळ लागतात.

पैसा कुठून यायचा हेही आम्ही सांगतो. बांधकामाच्या खर्चावर एक टक्का उपकर घेतला जातो आणि तो राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे जमा होतो. बुडालेल्या दुपारची मजुरी देण्याइतकं त्या पैशाचं दुसरं योग्य काम आम्हाला सुचत नाही. फळपीक विम्यात मजुराचा हिस्सा वेगळा धरा, बागायतदाराच्या वाट्यातून न कापता. मच्छीमारांसाठी बावटा चढलेले दिवस बंदरातल्या नोंदीत असतातच, त्या दिवसांचा ठरावीक भत्ता खलाशाच्या खात्यात जावा, मग तो रत्नागिरीचा असो वा नेपाळचा. आणि कोळसा. आमच्याच तालुक्यात जयगडला कोळशाची वीज तयार होते, जहाजं डोळ्यांसमोर रिकामी होतात. २०१० साली केंद्राने कोळशावर टनामागे ५० रुपये स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून बसवले, २०१६पर्यंत ते ४०० झाले, आणि २०१७मध्ये जीएसटी आल्यावर तो पैसा राज्यांच्या करभरपाईकडे वळला. धूर ज्यातून निघतो त्यावरच्या कराचा काही भाग, धुराने तापलेल्या हवेत राबणाऱ्याकडे यावा, ही मागणी कुणालाही न्यायाची वाटेल.

केंद्राच्या आपत्तींच्या यादीकडेही आमचं बोट आहे. पूर, दुष्काळ, चक्रीवादळ, गारपीट, दरड यांच्याबरोबर २०१२पासून त्या यादीत थंडीची लाट आहे. उष्णतेची लाट २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या यादीतही नव्हती. ज्या देशाचं काम सर्वांत जास्त उष्णतेत बुडतं त्या देशाने हे इतकी वर्षं चालू दिलं, हे चुकीचं आहे आणि आम्ही ते चुकीचं म्हणूनच सांगत राहणार.

रत्नागिरीने चळवळी पुष्कळ पाहिल्या. स्टरलाइट, एन्रॉन, जैतापूर, बारसू. त्यांतल्या बाजू ज्याच्या त्याच्या मनात आहेत आणि आमच्यातही त्यावर दोन मतं आहेत. ही चळवळ कुठल्या प्रकल्पाविरुद्ध नाही आणि कुठल्या पक्षाची नाही. छोटा बागायतदार आमचा शत्रू नाही. त्याचाही मोहोर गळतो, त्याच्याही डोक्यावर फवारणीचं कर्ज आहे. त्याने गड्याला दुपारी घरी पाठवावं आणि मजुरीही द्यावी, हे एकट्या त्याच्या खिशाला झेपणार नाही, म्हणून तर भरपाई सरकारी व्यवस्थेतून मागतो आहोत. मोठ्या कंत्राटदारांना मात्र सांगणं वेगळं आहे. कामाच्या जागी सावली, थंड पाणी आणि बायकांसाठी संडास देणं ही मेहेरबानी नाही, आणि त्यासाठी आम्ही कुठल्या नव्या कायद्याची वाट पाहणार नाही.

सरकार मोजत नाही तोपर्यंत आम्ही मोजू. प्रत्येक वाडीत, प्रत्येक बंदरावर, प्रत्येक खाणीवर एक खाडेवही असेल. साधी दोनशेपानी वही. तारीख, काम काय होतं, किती वाजता थांबावं लागलं, कशामुळे, किती मजुरी गेली. त्याखाली ज्याचं काम बुडालं त्याची सही किंवा अंगठा. ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी शाळेतली पोरं लिहितील. बावटा चढला, तेही लिहायचं. फवारणी धुऊन गेली आणि पुन्हा करावी लागली, तेही. आमसुलं भिजली, तर किती किलो भिजली ते बाईने स्वतः सांगायचं आणि तिच्याच नावावर ते नोंदायचं. नावं बाहेर जाणार नाहीत, आकडे जातील. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मांडवीच्या जेटीवर सगळ्या वह्यांची बेरीज मोठ्याने वाचली जाईल, आणि तिची प्रत तहसीलदारांकडे, कामगार खात्याकडे आणि मत्स्य खात्याकडे पोचवली जाईल. शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातल्या आणि गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना आम्ही विनंती करतो, की या आकड्यांची पडताळणी करायला या, आमची चूक निघाली तर ती दाखवा. खोटा एक आकडाही आम्हाला नको आहे, कारण तो एक सापडला की खरे शंभर मातीत जातील.

मुंबईत आणि पुण्यात असलेल्या आमच्या चाकरमान्यांना एक सांगणं आहे. तुम्ही गणपतीला येता, शिमग्याला येता, मे महिन्यात आंब्याला येता. तुम्ही पेटी मागवता तेव्हा भाव विचारता, साका नाही ना ते विचारता. त्याबरोबर एवढंही विचारा, की तोडणाऱ्या गड्याला दुपारची सुट्टी होती का. मागणाऱ्याने विचारलं की देणाऱ्याला उत्तर द्यावं लागतं.

गवंड्यांनो, खाणीवरच्या भावांनो, खलाशांनो, बाजारातल्या आणि बागेतल्या बायांनो, एकट्याने थांबाल तर खाडा पडेल. सगळे मिळून थांबाल तर नियम होईल. आपल्या वाडीतून वही सांभाळणारा एक माणूस द्या, आणि येत्या १ मार्चपासून बुडालेला प्रत्येक तास त्याच दिवशी लिहून ठेवा.